दूध तेवढंच आहे

गुणोत्तर-प्रमाणाचं शाब्दिक उदाहरण समोर आलं की बहुतेक विद्यार्थी पहिलीच ओळ ‘क्ष मानू’ अशी लिहितात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटची तयारी करताना ही सवय आधी मोडावी, असं माझं ठाम मत आहे. क्ष मानण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: या सगळ्यात बदललं नाही ते काय? ४० लिटर मिश्रणात दूध आणि पाणी ३:१ आहे. ते ३:२ व्हायला किती पाणी घालावं? घाईने वाचणारा ४० लिटरचेच ३:२ असे भाग पाडतो, पाणी १६ लिटर काढतो, आधीचं १० वजा करतो आणि ६ वर खूण करतो. प्रश्न काढणाऱ्यालाही ही चूक ठाऊक असते, म्हणून ६ हा पर्याय सहसा छापलेला असतो. पण दुधाला कोणी हातच लावलेला नाही. ते आधीही ३० लिटर होतं, आताही ३० लिटरच आहे. म्हणजे एक भाग १० लिटरचा, पाणी हवं २०, घालायचं १०. चूक आकडेमोडीत नव्हती, वाचण्यात होती. नुसते पाढे घोकून ती जाणार नाही.

वयाच्या उदाहरणात फरक कायम असतो. बाप-लेकाची वयं आज ३:१, बारा वर्षांनी २:१. आधी फरक २ भाग आहे, म्हणून २:१ ला ४:२ म्हणायचं. दोघांचाही एकेक भाग वाढला, तो १२ वर्षांचा. वयं ३६ आणि १२. मजुरांच्या उदाहरणात मजूर आणि दिवस यांचा गुणाकार कायम. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिकाबरोबर व्यस्त त्रैराशिक वेगळं सांगितलं आहे, कोणती रीत लावायची हे राशी एकमेकींशी कशा वागतात ते पाहूनच ठरतं.

१२० मिनिटांत ८० प्रश्न असताना एवढा विचार कधी करायचा, सरळ पर्याय घालून पाहावेत, असं कोणी म्हणेल. पर्याय जरूर घालावेत. पण ६ लिटर पाणी घातल्यावर गुणोत्तर ३०:१६ होतं हे पडताळायलाही दूध ३० लिटरच धरावं लागतं. क्ष धरून उत्तर येतंच, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि काही ठिकाणी तो पूर्ण खरा आहे. एकाचं उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्याचं ५०० रुपयांनी, तर बेरीज, फरक, गुणोत्तर यांतलं काहीच टिकत नाही. तिथे मुकाट क्ष धरावा.