स्लाइड प्रिंटरची जागा मायक्रोटोमशेजारी

हिस्टॉलॉजीच्या प्रयोगशाळेसाठी स्लाइडवर नाव-क्रमांक छापणारा प्रिंटर घ्यायचा म्हटले की बोलणे किंमत आणि वेग यांच्याभोवतीच फिरते. या कामातल्या अनुभवावरून मी पहिला प्रश्न वेगळा विचारतो: यंत्र बसणार कुठे? ऊतीचे पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमशेजारी बसून, हातातल्या पॅराफिन ब्लॉकचा बारकोड वाचून, त्याच ब्लॉकच्या हव्या तेवढ्याच स्लाइड छापणारा छोटा प्रिंटर मला सकाळी गठ्ठाभर स्लाइड छापून ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. तीन-चार मायक्रॉनचा सेक्शन वॉटर बाथवरून उचलताना भलती स्लाइड हाती आली, तर छापील अक्षर कितीही सुबक असो, माणूस बदलला. आधीच छापलेल्या गठ्ठ्यात हा धोका मोठा, कारण एक स्लाइड मागेपुढे झाली की तिच्यामागच्याही सरकतात.

कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संघटनेने १३६ संस्थांची पाहणी करून २०११ मध्ये आकडे प्रसिद्ध केले: दर हजार स्लाइडमागे सुमारे १.१ चुकीची ओळख. आकडा लहान दिसतो, पण अशा एका अदलाबदलीत एकाच्या कर्करोगाचे निदान दुसऱ्याच्या कागदावर जाऊ शकते आणि खरा रोगी घरी निर्धास्त बसतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयाने बारकोडवर आधारलेली कामाची पद्धत बसवली तेव्हा स्लाइडच्या ओळखीतल्या चुका सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्या आणि मायक्रोटोमवरचे काम वेगवान झाले. हे २००९ मध्ये छापून आले आहे. म्हणजे ‘एकेक छापल्याने वेळ जाईल’ हा आक्षेप टिकत नाही. भिलाईच्या मरोदा भागात, एकूणच भिलाई शहरात, बारकोडवर भर देण्याला आणखी एक कारण आहे. पोलाद कारखान्यामुळे इथे देशभरातून माणसे आली. साहू, वर्मा, यादव, देवांगन ही आडनावे पुन्हापुन्हा येतात आणि एकाच मराठी आडनावाचे स्पेलिंग दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी होते. नुसत्या नावावर ओळख सोडणे इथे धोक्याचेच.

जुने टेक्निशियन म्हणतात, पेन्सिल काय वाईट? वाईट नाहीच. फ्रॉस्टेड टोकावर पेन्सिलीने लिहिलेले अल्कोहोल आणि झायलीनमधून सहीसलामत बाहेर येते, बॉलपेनची शाई येत नाही. दिवसाला मोजके ब्लॉक येणाऱ्या प्रयोगशाळेने पेन्सिल, दोन ओळखखुणा आणि दुसऱ्या माणसाची पडताळणी एवढ्यावर काम निभावावे. प्रिंटरचा खर्च तिथे मी सुचवणार नाही. काम वाढले की मात्र हाताने उतरवलेला प्रत्येक आकडा चुकीची नवी संधी ठरतो.

छपाईची जात हा तितकाच खरा प्रश्न. मेणाच्या रिबनची छपाई झायलीनमध्ये टिकणार नाही, कारण पॅराफिन विरघळवणे हेच तर झायलीनचे काम. रेझिनची रिबन हवी. उष्णतेने काळा पडणारा साधा थर्मल कागद तर इथल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, वर्षानुवर्षे ठेवायच्या स्लाइडसाठी नकोच. रंगकामानंतर चिकटवायचे लेबल स्वस्त वाटते. पण तोवर स्लाइडवर पेन्सिलीचाच क्रमांक असतो, म्हणजे जुळवाजुळव पुन्हा हातानेच. म्हणून छपाई थेट काचेवर, सेक्शन उचलण्याआधी व्हावी.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. त्यानेच दिलेल्या स्लाइड आपल्या पूर्ण रंगकामातून आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या उकळत्या बफरमधून काढा, अंगठ्याने घासा, मग बारकोड वाचला जातो का ते पाहा. रिबन किती दिवसांत मिळेल आणि दुरुस्तीला माणूस रायपूरहून येणार की नागपूरहून, हे लेखी घ्या. आणि यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठी टोक केलेली पेन्सिल मायक्रोटोमजवळ असू द्या.