चहा की कॉफी?

आमच्याकडे पाहुणा आला, की आमची सौ. आधी विचारते, "चहा घेणार की कॉफी?" पाहुणा चेन्नईचा आहे म्हणून तिनं कुणाला परस्पर कॉफी पाजलेली नाही. विचारणं हा पाहुणचाराचा पहिला नियम. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर दुकान मांडून बसलेल्यांना तो कुणी शिकवलेला दिसत नाही.

हे ज्ञान मला झुरिकला लेक-जावयाकडे झालं. जिनिव्हाच्या सहलीची तिकिटं काढावीत म्हणून लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर जर्मन अवतरली!

"बाबा, प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो," जावईबापू म्हणाले. "त्यावरून तुम्ही कुठल्या देशात बसला आहात ते ताडतात, आणि देशावरून भाषा."

म्हणजे विमानातून उतरताना बॅगेबरोबर पट्ट्यावरून जर्मनही उचलून आणायला हवी होती! बरं, त्या देशाच्याही राष्ट्रभाषा चार. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि १९३८ साली मान्यता मिळालेली रोमान्श. देशावरून भाषा ठरवायची तर खुद्द स्विस माणसाचीही पंचाईत!

भाषा बदलावी म्हटलं. भाषांची यादी सापडली, पण तीही जर्मनमध्येच. कपाटाची किल्ली कपाटात! शेवटी अंदाजानं वीस मिनिटं फॉर्म भरला आणि 'अब्ब्रेखेन' असं काहीतरी लिहिलेलं बटण दाबलं. सगळं पुसलं गेलं. त्याचा अर्थ 'रद्द करा' असा निघाला. ज्या शब्दाची सुरुवातच 'अबब'सारखी, त्याला मी हात लावायलाच नको होता.

काही ठिकाणी भाषेसाठी झेंडे लावतात. पुण्यात असताना एकदा पडद्यावर तिरंगा दिसला. ऊर भरून आला, मी दाबला. हिंदी आली. आता घटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषा २२ आणि झेंडा एक. त्या बिचाऱ्यानं कुणाकुणाचं बघावं? त्यापेक्षा आपली नोट शहाणी. हिंदी आणि इंग्रजी आहेतच. शिवाय मागच्या बाजूला पट्टीत १५ भाषा, प्रत्येक आपापल्या लिपीत. आपली ओळ शोधायला मराठी माणसाला दुसरी भाषा यावी लागत नाही.

"तुम्हाला कुठल्या भाषा हव्यात, कुठल्या क्रमानं, हे ब्राउझरमध्ये लिहून ठेवता येतं," जावईबापूंनी पुढचा धडा दिला. "तो प्रत्येक दारात तशी चिठ्ठी देतो."

"मग वाचत का नाहीत?"

"काही वाचतात. काही नुसता नंबर बघतात."

थोडक्यात, आमंत्रणाची चिठ्ठी हातात घेऊन तोंडाकडे बघून पंगतीत बसवणारे यजमान!

खरं सांगायचं तर जर्मनचा धसका मी त्याआधीच घेतला होता. नातू पाच वर्षांचा. त्याची शाळा जर्मन, मित्र जर्मन बोलणारे. आम्ही दारात पाऊल टाकलं तेव्हा त्यानं धावत येऊन जे काही स्वागत केलं, तेही जर्मनमध्ये. सौ.चा चेहरा उतरला. रात्री ती हळूच म्हणाली, "याला गोष्ट तरी कशी सांगायची हो?" महिनाभर मनात घोळवून आणलेल्या गोष्टी तशाच परत न्याव्या लागणार, असंच आम्हाला वाटलं.

तेवढ्यात स्वारी उशी घेऊन हजर. "आजी, गोष्ट मराठीत सांगणार की जर्मनमध्ये?"

"तुला कुठली हवी रे?"

त्यानं क्षणभर विचार केला. "तुला येते ती."

दुसऱ्या रात्री त्यानं पुन्हा विचारलं नाही. येऊन मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आजी, सांग ना!"

एकदा विचारावं आणि उत्तर लक्षात ठेवावं, एवढंच तर आहे. आता गोष्टीतला वाघ मध्येच जर्मनमध्ये डरकाळी फोडायचा, कारण ते काम नातवाकडे होतं. पण तेवढं आम्ही चालवून घेतलं.