तीन मिनिटांना एक प्रकाशकण

चंद्रा या अवकाशस्थ दुर्बिणीच्या नोंदी उघडल्या की समोर येते ती एक लांबलचक यादी. एकेका ओळीत एकेका क्ष-किरण कणाचा हिशेब असतो: तो कधी आला, डिटेक्टरवर कुठे पडला, त्याची ऊर्जा किती. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर सॅजिटेरियस ए-स्टार हे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. ते शांत असते तेव्हा या यादीत त्याच्या खात्यावर सरासरी तीन मिनिटांना एक कण जमा होतो. एक कण, मग बराच वेळ काहीच नाही, मग कधी लागोपाठ दोन, पुन्हा शांतता. आणि मग केव्हातरी ओळी दाटू लागतात. मिनिटाला दोन, मिनिटाला पाच. काही वेळाने सारे पुन्हा विरळ. क्ष-किरणांचा भडका पाहायचा तो असा. तिथे ज्वाळा दिसत नाही, तबकडी दिसत नाही. दोन कणांमधला अवधी आक्रसत जातो, एवढेच. आणि तरीही मी म्हणते, कृष्णविवराच्या उंबरठ्यावर काय चालते हे या यादीने कोणत्याही चित्राच्या कितीतरी आधी सांगितले, आणि काही बाबतींत चित्राहून नेमके सांगितले.

याला आधार आहे तो वेळेचा. ऑक्टोबर २०००मध्ये चंद्राने या कृष्णविवराचा पहिला मोठा भडका टिपला. तेज नेहमीच्या सुमारे ४५ पट चढले, सगळा प्रकार सुमारे तीन तास चालला, आणि त्यात एकदा अवघ्या दहा मिनिटांत ते पाचव्या हिश्श्यावर उतरले. ही दहा मिनिटे फार मोलाची आहेत. दिंडी लांबच लांब असेल, तर पुढची हाळी शेवटच्या वारकऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतोच. सगळी दिंडी एकदम थांबली, तर ती फार लांब नव्हती असेच म्हणावे लागते. विश्वातली सर्वात वेगवान हाळी म्हणजे प्रकाश, आणि तो दहा मिनिटांत १८ कोटी किलोमीटर जातो. म्हणजे भडकलेला भाग त्याहून फारसा मोठा असू शकत नाही. एवढ्या वजनाच्या कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची, त्रिज्या येते सुमारे १.२ कोटी किलोमीटर. तेव्हा आग पेटली ती क्षितिजाच्या फार तर पंधरा त्रिज्यांएवढ्या जागेत. कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीला ही जागा वेगळी दिसत नाही, पण घड्याळाने ती मोजली.

कृष्णविवरातून प्रकाश सुटत नाही, मग हे क्ष-किरण कुठले, हा प्रश्न लवकर सुटतो: ते क्षितिजाबाहेर घोंगावणाऱ्या तप्त वायूतून येतात. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. आकाशगंगेच्या गाभ्यात ताऱ्यांची एवढी दाटी असताना भडका शेजारच्याच कुणाचा नाही कशावरून? ही शंका एकदा खरीही ठरली. एप्रिल २०१३मध्ये स्विफ्ट उपग्रहाला तिथे क्ष-किरणांचा जोर दिसला आणि कृष्णविवरच पेटले असे आधी वाटले. मग नुस्टार या क्ष-किरण दुर्बिणीला त्या प्रकाशात ३.७६ सेकंदांचे ठोके सापडले. कृष्णविवर असे ठोके देत नाही. तो होता एक मॅग्नेटार, प्रचंड चुंबकीय शक्तीचा न्यूट्रॉन तारा, आणि चंद्राने त्याला कृष्णविवरापासून अवघ्या २.४ कोनीय सेकंदांवर वेगळा दाखवला. माझ्या मते या प्रसंगाने पद्धतीवरचा विश्वास वाढायला हवा. शेजारी असेल तर तो जागेवरून आणि ठोक्यांवरून पकडला जातो. २०००चा भडका मात्र कृष्णविवराच्या रेडिओ स्थानाशी अर्ध्या कोनीय सेकंदाच्या आत जुळत होता.

मोजक्या कणांवर एवढा इमला कसा उभारायचा, असेही कुणी विचारेल. एकाच भडक्यावर कुणी उभारूही नये. म्हणून २०१२मध्ये चंद्राने या एकाच ठिकाणाकडे एकूण ३० लाख सेकंद पाहिले आणि ३९ भडके मोजले. दिवसाला साधारण एक. योगायोग असा रोजचा रतीब घालत नाही.

राहिला चित्राचा मुद्दा. १२ मे २०२२ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने याच कृष्णविवराभोवतीचे तेजोवलय जगाला दाखवले, मग आता कणांच्या या यादीचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते चित्र मुख्यतः ७ एप्रिल २०१७च्या निरीक्षणांतून घडले. ११ एप्रिलला क्ष-किरणांचा भडका झाला होता, आणि त्याच्या लगेच नंतर आल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने टिपलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा गोल फिरत गेली. सुमारे ७० मिनिटांत एक फेरी. त्या कालावधीवरून हिशेब केला तर तप्त ठिपका क्षितिजाच्या पाचसहा त्रिज्यांवरून फिरत होता. त्याच्या सतरा वर्षे आधी दहा मिनिटांच्या उतारावरून आखलेल्या रिंगणाच्या तो आतच निघाला! वलयाने जागा दाखवली. तिथली धामधूम कळली ती वेळेच्या नोंदीतून.

भडका का होतो यावर अजून एकमत नाही. लघुग्रह कृष्णविवराच्या ओढीने फाटून त्यांची वाफ होत असावी, असा एक विचार मांडला गेला. मला चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळण्याचे, सौरज्वालांसारखे स्पष्टीकरण अधिक पटते. क्ष-किरणांच्या भडक्यासोबत अवरक्त प्रकाशातही भडका दिसतो, आणि अत्यंत वेगवान झालेल्या इलेक्ट्रॉनांनी दोन्हींचा मेळ नीट बसतो. जी-२ नावाचा वायूचा पुंजका २०१४मध्ये कृष्णविवराच्या जवळून गेला, तेव्हा मोठ्या आतषबाजीची अपेक्षा होती. ती काही झाली नाही. बाहेरून काय पडते यापेक्षा आत काय ताणले जाते, तेच निर्णायक असावे.

हे घड्याळ मागेही चालवता येते. कृष्णविवराच्या आसपासचे वायूचे थंड ढग क्ष-किरणांत चमकतात, पण ती चमक त्यांची स्वतःची नाही. आयएक्सपीई या उपग्रहाने २०२२मध्ये त्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजले, आणि त्याचा रोख निघाला थेट सॅजिटेरियस ए-स्टारकडे. ढग परतवत आहेत तो एका जुन्या, आजच्या कोणत्याही भडक्याहून कितीतरी मोठ्या भडक्याचा प्रतिध्वनी. त्याचा सरळ वाटेने आलेला प्रकाश पृथ्वीवरून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी निघून गेला. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५मध्ये. तो प्रकाश इथून गेला तेव्हा मोजायला कुणीच नव्हते. ढगांवरून परतून, लांबच्या वाटेने आलेले त्याचे कण आता एकेक करून यादीत उतरत आहेत.