आबांचं रिव्हॉल्वर की माझं पिस्तूल?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गेल्या आठवड्यात मी पोलीस ठाण्यात एक लेखी सूचना दिली, की माझ्या परवान्यावरचं एक हत्यार मी विकतोय. आपल्या आचोळ्यात बातमी पसरायला काय लागतं? "पैशाची अडचण आहे का?" विचारणारे तीन फोन आले आणि "मग मलाच दे की" म्हणणारे दोन. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. शिवाय हा विषय फक्त माझ्या घरापुरता नाही, वाडीतल्या अजून काही घरांचाही आहे.

माझ्या परवान्यावर दोन हत्यारं आहेत. एक वेब्ली अँड स्कॉटचं .32 रिव्हॉल्वर, विलायती, आबांनी 1991 साली जुनं विकत घेतलेलं. दुसरं .32 पिस्तूल, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, माझा रेती-सिमेंटचा धंदा जोरात होता तेव्हा मी घेतलेलं. कायद्याने दोन्ही ठेवता येतात. पूर्वी एका परवान्यावर तीन चालायची, 2019 च्या दुरुस्तीने दोनच उरली. म्हणजे माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती. तरी एक विकायचं ठरवलं. कोणतं, यावर घरात दोन महिने घोळ चालला.

आधी आबांनी ते का घेतलं ते सांगतो. नवीन लोकांना तो काळ माहीत नाही. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये नालासोपारा स्टेशनावर एका बिल्डरचा गोळ्या घालून खून झाला. 1990 ला सिडको आली, जमिनीला भाव चढला आणि भातखाचरांकडे बघायची लोकांची नजर बदलली. आमच्या दीड एकरात एकदा रातोरात कुणीतरी कुंपणाचे खांब रोवून गेलं. सकाळी आबांनी आणि काकांनी ते उपटले. त्यानंतर आबांनी परवान्यासाठी अर्ज केला. तेव्हा आपला जिल्हा ठाणे. आबा ठाण्याला किती वेळा गेले ते आई अजून बोटांवर मोजून दाखवते. अकरा फेऱ्या.

पुढे 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि फाईल तिकडे गेली. 2020 ला आपल्याकडे पोलीस आयुक्तालय आलं आणि परवान्याचं काम आयुक्तांकडे आलं. एका परवान्याने तीन दरबार पाहिले.

आबांनी ते कधी कुणावर रोखलं नाही. दसऱ्याला पूजेत ठेवायचं, महिन्यातून एकदा तेल-पाणी करायचं, निवडणुकीची नोटीस आली की जमा करायचं. 2024 ला तर दोनदा, लोकसभेला आणि विधानसभेला.

आणि जमीन? जमीन गेलीच. कुणी बंदूक दाखवून नेली नाही. चुलत्यांच्या सह्या, एक कुलमुखत्यारपत्र, सातबाऱ्यावरचा एक फेरफार. रिव्हॉल्वर कपाटात होतं आणि जमीन कागदावरून गेली. गेल्या वर्षी, 2025 च्या सुरुवातीला, आपल्या अग्रवाल नगरीतल्या 41 बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडून झाल्या. रस्त्यावर आलेल्या लोकांना मी डोळ्यांनी बघितलंय. गॅस सिलिंडर, पोरांची दप्तरं, देवाचे फोटो, सगळं फुटपाथवर. त्यांनाही कुणी पिस्तूल दाखवून लुटलं नव्हतं. खोटे कागद दाखवून लुटलं. आपल्या भागात ज्याची भीती धरायला हवी ते 35 वर्षांत बदललं, आपल्या कपाटातलं हत्यार मात्र तेच राहिलं.

आता मुख्य गोष्ट.

आबा 78 वर्षांचे आहेत. तीन वर्षं झाली, त्यांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. रिव्हॉल्वर त्याआधीच माझ्या नावावर झालं होतं. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे राहिलं, की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. ही सोय 2016 च्या नियमांत आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. कागदावर सगळं चोख होतं. चूक झाली ती घरात. कपाटाची किल्ली गेली तीस वर्षं देव्हाऱ्यामागे असते, तिथेच राहिली. ती जागा बदलायला हवी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोष माझाच.

गेल्या श्रावणात, रात्री अडीचच्या सुमारास, मला कपाटाच्या दाराचा आवाज आला. बाहेर आलो तर आबा उभे. हातात रिव्हॉल्वर. मला बघून हळूच म्हणाले, "कोन आयलाय रं वाडीत?"

त्यांच्या डोक्यात 1990 साल चालू होतं. बाहेर कुणीतरी खांब रोवत होतं.

गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात होत्या. रिव्हॉल्वर रिकामं होतं. हे मला माहीत होतं, तरी माझे पाय हलेनात. कारण माझी नऊ वर्षांची मुलगी बाथरूमला उठली होती आणि पॅसेजच्या त्या टोकाला उभी होती. आबांना ती ओळखू येत नव्हती. अंधारात एक आकृती, बस.

आणि त्यांचे हात! सकाळी या माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, आई लावून देते. पण त्या रात्री त्यांनी अंगठ्याने खटका दाबला, रिव्हॉल्वर मधून मोडलं, सहाही घरं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि परत बंद केलं. एकही हालचाल चुकली नाही. घरं रिकामी दिसल्यावर मला म्हणाले, "काडतुसं दे."

मी म्हटलं, "आबा, ते गेले पळून. तुम्ही झोपा." तेव्हा कुठे त्यांनी ते माझ्या हातात दिलं. नळी जमिनीकडे करून, मूठ माझ्याकडे करून. जसं मला शिकवलं होतं तसं.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही हत्यारं परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर पावती घेऊन सांभाळायला दिली. मग प्रश्न आला, पुढे काय?

सल्ले भरपूर मिळाले. मित्र म्हणाला, "वेड्या, वेब्ली विकू नकोस. बाहेरून हत्यारं आणायला सामान्य माणसाला केव्हाच बंदी झाली, असा माल आता मिळत नाही. किंमत चढतच जाणार. पिस्तूल विक." मेहुणा म्हणाला, "जुन्याचे सुटे भाग कुठे मिळणार? पिस्तूल ठेव." माझं स्वतःचं मत रिव्हॉल्वरच्या बाजूने होतं. रिव्हॉल्वर उघडलं की सहा घरं समोर दिसतात, भरलंय की रिकामं ते लहान पोरालाही कळेल. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहू शकते. "रिकामंच आहे" म्हणत झालेले अपघात अशाच एका गोळीचे असतात. पण मग 1 ऑक्टोबर 2024 आठवला. अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली होती. घरातच, पहाटे. म्हणजे रिव्हॉल्वर सुरक्षित आणि पिस्तूल धोक्याचं, हा हिशोबही पक्का नाही.

हे सगळं मी जेवताना मोठ्याने बोलत होतो. आई ऐकत होती. ताट उचलता उचलता म्हणाली, "किमतीचं काय घेऊन बसलास? त्यांच्या हातांना तेवढंच आठवतं. तेच घरात नको."

मी दोन महिने भाव, सुटे भाग आणि चेंबर यांत अडकलो होतो. आईने एका वाक्यात संपवलं. पिस्तूल आबांनी कधी हाताळलेलं नाही. ते समोर ठेवलं तरी त्यांना ते आपलं वाटणार नाही. रिव्हॉल्वर मात्र ते अंधारातही शोधून काढतील. ज्या हत्यारावर आमचा जीव आहे, तेच आमच्या घरात सगळ्यांत धोक्याचं आहे.

म्हणून वेब्ली विकतोय. घेणारे गृहस्थ परवानाधारक आहेत, त्यांच्या परवान्यावर एक जागा रिकामी आहे. "मलाच दे की" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, असं दोस्तीखात्यात देता येत नाही. आधी लेखी सूचना, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता, मग किमान 45 दिवस थांबायचं. आणि "एका हळदीपुरतं दे" म्हणणाऱ्याला तर हात जोडून नकार. हळदीत-लग्नात आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय होतं ते फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसर-बोरिवलीत बघितलं. फेसबुक लाईव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल परवान्याचं होतं, पण परवाना मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात जमिनीच्या वादातून गोळीबार झाला आणि एका आमदाराला अटक झाली. पोलीस ठाण्याच्या आत! या दोन्ही वेळी गावठी कट्टा नव्हता, परवान्याची हत्यारं होती.

ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार आणि म्हातारं माणूस दोन्ही आहेत, त्यांना हात जोडून विनंती. आज रात्री किल्ली कुठे आहे ते बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती जागा माहीत असेल तर बदला. विसरभोळेपणा वाढलाय असं वाटलं तर लाजू नका, हत्यार विक्रेत्याकडे नाहीतर पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा करा. परवानाधारक गेला असेल तर वाट बघू नका, हत्यार लगेच जमा करावं लागतं. "आबांची आठवण" म्हणून कपाटात ठेवलेलं हत्यार बिनपरवान्याचं धरलं जातं.

आलेल्या पैशातून आबांसाठी रात्रीचा एक माणूस ठेवणार आहे. त्यांची राखण त्या रिव्हॉल्वरकडून झाली नसती, या माणसाकडून होईल.

पिस्तुलाचं काय, असं तुम्ही विचाराल. ते अजून विक्रेत्याकडेच आहे. पुढच्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आहे. मागच्या वेळी कारणाच्या रकान्यात मी "स्वसंरक्षण" लिहिलं होतं आणि पुढे गेलो होतो. या वेळी अर्ज काढून बसलो, तो रकाना अजून कोराच आहे. रेती-सिमेंटचा धंदा बंद होऊन चार वर्षं झाली. खरं कारण सुचलं तर लिहीन, नाही सुचलं तर तेही विकीन.

आबांना सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली. संध्याकाळी परत विचारलं, "रिव्हॉल्वर कुठाय?"

मी म्हटलं, "नूतनीकरणाला दिलंय, आबा. ठाण्याला."

"ठाण्याला?" ते म्हणाले. "मग दोन-चार फेऱ्या होतील. डबा घेऊन जा."