पाय बुडवून आत या

सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूरला कधी उतरलात, तर फलाटावरील एका बाकाशी क्षणभर थांबा. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. दोन राज्यांची सीमा या स्थानकातूनच जाते. येणारेजाणारे त्या बाकावर हौसेने छायाचित्र काढून घेतात. मीही घेतले. परंतु मी आलो होतो तो गावाभोवतीची कुक्कुटपालन केंद्रे पाहण्यासाठी, आणि त्याला निमित्त होते माझ्या एका रुग्णाच्या मुलाने विचारलेला प्रश्न.

ऐंशीच्या घरातल्या त्या आजींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू सापडला आणि तपासलेल्या बहुतेक प्रतिजैविकांपुढे ‘आर’ हे अक्षर छापलेले होते. म्हणजे तो त्या औषधांना दाद देत नव्हता. “आई तर साधी गोळीही घ्यायला तयार नसते. मग हे आले कोठून, डॉक्टर?” मुलाने विचारले. कोंबड्यांना औषधे देतात, असे त्याने कोठेतरी वाचले होते. त्याच दिवसापासून घरातली अंडी बंद झाली. डाळ आजींना पचत नव्हती, दूध आवडत नव्हते. दोन महिन्यांत त्यांना खुर्चीतून उठायला आधार लागू लागला.

ओळखीच्या पशुवैद्यांबरोबर मी एका शेडपाशी पोहोचलो. फाटकाशीच जंतुनाशक पाण्याचे उथळ टाके होते. “पाय बुडवून आत या,” मालक म्हणाले. भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत याच नवापूर परिसरात आढळला होता. तो विषाणू, प्रतिजैविकांशी त्याचा संबंध नाही. पण डोळ्यांदेखत कोंबड्या मारून पुराव्या लागलेल्या माणसांना फाटकाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आत उंचावर पिंजऱ्यांच्या रांगा, डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आणि अखंड कलकलाट. अंडी जाळीवरून अलगद घरंगळत पुढे येत होती. “पूर्वी पिल्ले आली की पाण्यात औषध टाकायचोच, आजार असो वा नसो,” मालक म्हणाले. “टॉनिकच वाटायचे ते. आता डॉक्टर लिहून देतील तेव्हाच.” मी मान डोलावली आणि मनातून ओशाळलो. साध्या सर्दीवर, केवळ रुग्णाच्या आग्रहाखातर, मी लिहिलेल्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या मला आठवत होत्या.

कोलिस्टिनचेच पाहा. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून मागे पडलेले हे जुने औषध. इतर सारी औषधे हरली की अतिदक्षता विभागात आज त्याचीच आठवण होते. आणि तेच अनेक देशांत जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते. 2015 मध्ये चीनमधील संशोधकांना डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही असे जिवाणू आढळले, की ज्यांची कोलिस्टिनला न जुमानण्याची शक्ती एका सुट्या जनुकखंडात होती. नवापूरच्या त्या बाकावर एकाने दुसऱ्याच्या हाती डबा द्यावा, तसा हा खंड एक जिवाणू दुसऱ्याला देतो. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग आजींचा जिवाणू कोंबडीतून आला का? रुग्णालय, पाणी, इतरांचे हात, अन्न, अशा अनेक वाटा आहेत. एका रुग्णापुरती नेमकी वाट सांगता येत नाही. पण स्वयंपाकघराची वाट आपल्या हाती आहे. औषधांना न जुमानणारा जिवाणू उष्णतेपुढे मात्र इतरांसारखाच मरतो. तेव्हा भीती शिजलेल्या अन्नाची नाही, कच्च्या मांसाची आणि त्याला लागलेल्या हातांची आहे. पिशवीतून ओट्यावर गळणारे पाणी, त्याच सुरीने कोशिंबिरीसाठी चिरलेली काकडी, येथे घात होतो. कोंबडी नळाखाली धुऊ नका म्हटले की घरोघरी भुवया उंचावतात. परंतु धुण्याने जिवाणू जात नाहीत, तुषारांबरोबर शेजारच्या भांड्यांवर मात्र बसतात. फ्रीजमध्ये कच्चे मांस झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. थंडीने ते जिवाणू मरत नाहीत, केवळ मंदावतात. मांस आतपर्यंत शिजू द्या, गुलाबी छटा राहता कामा नये; अन्नाचा तापमापक असेल तर कोंबडीच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस भरले पाहिजेत. अशक्त माणसाला दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची जुनी रीत कृपा करून सोडा. वृद्धांच्या जठरात आम्ल अनेकदा कमी असते, त्यात आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या. जिवाणूंना अडवणारे ते फाटक अर्धे उघडेच असते. अंडे द्यावे, पण पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडून.

परतल्यावर आजींच्या मुलाला मी हेच सांगितले. मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावर लाल मुठीची नवी सुरी दिसली. “ही फक्त कोंबडीची,” सूनबाई म्हणाल्या, “आणि तिला हात लावला की आधी साबण.” आतल्या खोलीत आजी उकडलेले अंडे मीठ-मिरपूड लावून खात होत्या, मीठ जरा जास्तच होते, पण त्या दिवशी मी रक्तदाबाचा विषय काढला नाही.