यथामूल नक्कल

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर या गावांतील ज्या घरांत १९९० नंतरच्या दशकात मंगलकार्ये झाली, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या लोखंडी कपाटांत लग्नाची एखादी कॅसेट अद्याप पडून असते; आणि ती संगणकावर उतरवून देणाऱ्या माझ्यासारख्या व्यावसायिकाकडे जेव्हा ती येते, तेव्हा ‘जरा चकचकीत करून द्या’ ही फर्माईशही बहुधा तिच्याबरोबरच येते. ती फर्माईश मी तूर्त तहकूब ठेवतो. कारण निजामी अमदानीतील नक्कलनवीसाप्रमाणे, मूळ दस्तऐवजात पदरचे काही न घालणे आणि त्यातले काही न गाळणे, हाच या कामाचा धर्म होय.

आमच्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते, तेव्हा फितीच्या कडेला बुरशी धरली तर नवल नाही. अशी फीत साफ केल्यावाचून यंत्रात घातली, तर ती हेड तर बिघडवतेच, शिवाय पुढच्या निर्दोष फितीलाही लागण करते. साफ फीतसुद्धा आधी एकवार शेवटापर्यंत गुंडाळून परत आणावी, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात.

मिनी डीव्ही जातीच्या फितीवरील चित्र मुळातच अंकरूप असल्याने फायरवायरच्या तारेने ते जसेच्या तसे उतरते. मात्र तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा देण्यात हयगय नसावी. हाय-८ फितीची गोष्ट निराळी. तेथे पिवळ्या तारेऐवजी एस-व्हिडिओची तार जोडावी, कारण तीत प्रकाश आणि रंग स्वतंत्र वाटांनी येतात व परस्परांत मिसळून चित्राच्या कडा मलिन करीत नाहीत. आणखी एक सूक्ष्म बाब अशी, की आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असल्या, तरी प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्धचित्रांची असते, म्हणजे सेकंदाला गतीचे ५० निरनिराळे क्षण टिपले जातात. पडद्यावरच्या आडव्या रेघा खुपतात म्हणून उतरवतानाच ही अर्धचित्रे एकजीव केली, तर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या गतीतील निम्मा तपशील कायमचा लोपतो.

चकाकी हवीच असेल, तर ती मोबाइलसाठी केलेल्या दुसऱ्या, लहान प्रतीला द्यावी. पहिली प्रत मात्र अस्पर्श राखून दोन ठिकाणी ठेवावी. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हापासून फीत वाचणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळच होत आहेत. तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की कपाटातील कॅसेट येत्या पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्यावी, आणि उतरवल्यानंतरही ती भंगारात देऊ नये.