रंगाआधीचं काम

आमच्या पाली गावाला मुंबई-गोवा महामार्गाची धूळ आहे, जांभ्याची तांबडी माती आहे आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतींतून पाझरणारी ओल आहे. या हवेत लोखंड कसं वागतं, ते कोकणी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरचं कॅबिनेट हाही शेवटी पत्राच. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि कॅबिनेटं रंगवूनही देतो. गिऱ्हाईक येतं ते रंग ठरवूनच. माझं बोलणं मात्र पत्र्यापासून सुरू होतं.

बहुतेक कॅबिनेटांच्या पत्र्यावर जस्ताचा पातळ थर असतो. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं इथे आतलं लोखंड उघडं पडतं, म्हणून गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. या जस्तावर थेट ऑइल पेंट मारला, तर रंगातलं तेल आणि जस्त मिळून मध्ये साबणासारखा थर धरतो आणि पुढे सगळा रंग पापुद्र्याने सुटून येतो. ते टाळायला आधी एच (etch) प्रायमर हवा. समोरचं पॅनल प्लास्टिकचं असेल तर त्याला वेगळा प्रायमर, आणि कडक थिनर तर लावायचाच नाही, प्लास्टिक विरघळतं.

प्रायमरच्याही आधी धुलाई. साबणाने घासून कॅबिनेट नळाखाली धरायचं आणि पाण्याकडे बघायचं. पाणी सलग पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. मध्येच फाटून थेंब थेंब झालं, तर तिथे तेल किंवा मेण शिल्लक आहे, पुन्हा घासायचं. पत्रा सुकला की उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला तेवढंही चालत नाही.

मग पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. चकाकी मोडायची, जस्त खरवडून काढायचं नाही. कडांना मात्र कानस लावावी लागते. धारदार कडेवर ओला रंग थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या धारेवर थर सर्वांत पातळ राहतो. कड गोलसर केली आणि आधी फक्त कडांवरून रंगाचा एक हात फिरवला, की तिथून शिरणारा गंज पुष्कळ लांबतो.

काही जागा कोऱ्या ठेवायच्या असतात. मदरबोर्ड ज्या खुंट्यांवर बसतो त्या, आणि पॉवर सप्लायचे स्क्रू लागतात ती जागा. तिथे धातूला धातू लागला पाहिजे, नाहीतर अर्थिंग नीट मिळत नाही. म्हणून मास्किंग टेप.

स्प्रे गनचं काम दिवाळी ते शिमगा या काळात उत्तम होतं. भर पावसात मी रंगाचं काम घेत नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि लॅकर पांढरट पडतो. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे, मधे थिनर उडायला वेळ देऊन. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग टिकायला चांगला, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक. साधा धुळीचा किंवा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा, दोन्ही लागतात.

सगळ्यात अवघड काम रंग लावून झाल्यावरचं. अर्ध्या तासात बोटाला लागेनासा झालेला रंग वाळला असं वाटतं, पण आतून तो अजून घट्ट व्हायचा असतो. पीयूलाही पुरता कडक व्हायला साधारण आठवडा लागतो, ऑइल पेंटला त्याहून जास्त. त्या दिवसांत झाकण सरकवलं, स्क्रू आवळला, की तिथला रंग चेपतो, आणि पुढच्या पावसात गंज तिथूनच डोकं वर काढतो.

म्हणून कॅबिनेट रंगवायला द्याल तेव्हा कुठला रंग, एवढंच विचारू नका. खाली काय केलंत, कडांचं काय केलंत, हेही विचारा. आणि रंगाऱ्याने आठ दिवस मागितले, तर ते त्याला द्या.